समोर नाही, शेजारी

शाळेच्या फाटकाच्या शंभरेक पावलं अलीकडे रस्त्याला एक वळण आहे. लेक पाचवीत होती तोवर ते वळण मला कधी जाणवलंही नव्हतं. आम्ही बोलत बोलत थेट फाटकापर्यंत जायचो, आत शिरल्यावर ती एकदा मागे वळून हात हलवायची आणि मग मी परत फिरायची. सहावीचं वर्ष सुरू झालं आणि एका सकाळी ती त्या वळणाच्या अलीकडेच थांबली. दप्तराचा पट्टा सारखा करत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, तू इथूनच जा ना."

मी "बरं" म्हणाले आणि वळले. घरी पोचेपर्यंत मनात एकच वाक्य घोळत होतं: हिला माझी लाज वाटायला लागली. त्या दिवशी संध्याकाळी ती घरी आल्यावर मी तिला समोर बसवलं. अगदी मायेनं, तिच्या डोळ्यांत बघत विचारलं, "काय झालं बाळा? कोणी काही बोललं का?"

"काही नाही."

पुढची तीन वर्षं हे दोन शब्द आमच्या घरात किती वेळा उच्चारले गेले असतील, त्याचा हिशेब नाही. आज लेक दहावीत आहे आणि धाकटा आठवीत. सहावी ते आठवी हा टप्पा एकदा पार करून झाला, दुसऱ्यांदा पार होत आलाय. त्या संध्याकाळी माझं काय चुकलं, हे कळायला मात्र मला बराच काळ लागला. प्रश्न चुकीचा नव्हता आणि मायाही खोटी नव्हती. चुकली होती ती बसायची जागा.

विचार केला तर लक्षात येतं की मूल लहान असताना आपलं त्याच्याशी असलेलं सगळं नातं समोरासमोरचं असतं. बुटाची नाडी बांधून देताना आपण त्याच्यासमोर उकिडवे बसतो. अक्षर गिरवून घेताना, केस विंचरून देताना, पडल्यावर गुडघा पुसताना चेहऱ्यासमोर चेहरा असतो. मुलाला तेच हवं असतं. "आई, बघ ना", "बाबा, मी काय करतोय बघा" हा दिवसभराचा घोष असतो. आपली नजर हेच त्याचं बक्षीस. मग अकराव्या-बाराव्या वर्षाच्या आसपास कधीतरी, कुणी काही न सांगता, हीच नजर त्याला टोचायला लागते.

डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञानं १९६७ साली या वयाबद्दल एक कल्पना मांडली होती. या वयातलं मूल सतत एका काल्पनिक प्रेक्षकवर्गासमोर वावरत असतं, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्याच्या मनात काय चाललं असेल याचा विचार करायची नवी ताकद त्याला नुकतीच मिळालेली असते. पण स्वतःच्या डोक्यात जे चाललंय तेच सगळ्यांच्या डोक्यात चाललंय, असं त्याला वाटतं. त्याला स्वतःच्या कपाळावरच्या पुटकुळीशिवाय दुसरं काही सुचत नसतं, म्हणून वर्गातली चाळीस मुलंही तीच पुटकुळी बघत असणार, याबद्दल त्याची खात्री असते.

पुढे २०१३ मध्ये लीआ सॉमरव्हिल आणि तिच्या सहकाऱ्यांनी हे मोजून पाहिलं. आठ ते बावीस वर्षांची मुलंमुली मेंदूची प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात झोपलेली असायची. मधूनमधून त्यांना सांगितलं जायचं की आता कॅमेरा सुरू आहे आणि तुमच्याच वयाचं कुणीतरी तुम्हाला बघतंय. त्यांना काही करायचं नव्हतं, काही बोलायचं नव्हतं. प्रत्यक्षात तिकडून कुणी बघतही नव्हतं. तरी किशोरवयीन मुलांचा संकोच लहान मुलांपेक्षा स्पष्टपणे जास्त होता आणि त्यांच्या त्वचेवरच्या घामाची नोंदही याच वयात सर्वांत वर गेलेली दिसली. कुणीतरी नुसतं बघतंय एवढ्यानं.

हे वाचलं तेव्हा मला त्या वळणावरची लेक डोळ्यांसमोर आली. फाटकाशी तिचा प्रेक्षकवर्ग उभा होता. त्याच्यासमोर आईचं बोट धरून येणारी मुलगी व्हायला तिला नको होतं. लाज माझी नव्हतीच. तिचं स्वतःचं काहीतरी घडत होतं, कच्चं होतं, आणि ते झाकून न्यायला तिला ती शंभर पावलं हवी होती. आणि घरी आल्यावर मी काय केलं, तर तिला समोर बसवून आणखी एक दिवा तिच्या चेहऱ्यावर लावला.

उत्तर सापडलं ते कपड्यांच्या ढिगाशी. रात्री सगळं आवरल्यावर मी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. ती आली, काही न बोलता पलीकडे बसली आणि तिनंही एक टॉवेल उचलला. चार-पाच घड्या झाल्या. मोजे जोडीनं लावत, माझ्याकडे न बघता तिनं सांगायला सुरुवात केली. वर्गातल्या पाच मैत्रिणींचा एक ग्रुप होता. त्यांनी फोनवर नवा ग्रुप केला होता आणि त्यात ती नव्हती. मधल्या सुट्टीत त्या तिघी-चौघी एकदम हसायच्या आणि ती जवळ गेली की गप्प व्हायच्या. कुणी तिला एक वाईट शब्दही बोललं नव्हतं. "कुणी काही बोललं का" या माझ्या प्रश्नाचं तिचं उत्तर खरंच "काही नाही" हेच होतं.

बाहेर ठेवलं जाण्याचं हे दुःख मोठ्यांना किरकोळ वाटतं. आज भांडल्या, उद्या गोड होतील. २००३ मध्ये झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात संगणकावरचा चेंडू झेलण्याचा एक साधा खेळ होता. खेळता खेळता इतर दोन खेळाडू तिसऱ्याकडे चेंडू टाकायचं बंद करायचे. मेंदूच्या प्रतिमांमध्ये तेव्हा जो भाग चेतवला गेलेला दिसला, तो शारीरिक वेदनेच्या त्रासाशीही जोडलेला आहे. ही मोठी, शिकलेली माणसं होती आणि चेंडू खराही नव्हता. मग ज्या बाराव्या वर्षी मैत्रिणी हेच जग असतं, तिथे रोज तीस मिनिटांची मधली सुट्टी एकटीनं काढायची म्हणजे काय, याची कल्पना करून बघावी.

पुढे मी जे केलं ते सांगायला हवं, कारण अनेक आईबाप तेच करतात. दुसऱ्या दिवशी मी त्यातल्या एका मुलीच्या आईला फोन केला. फार सौम्य शब्दांत बोलले. मला वाटलं, मोठ्या माणसांनी दोन शब्द बोलले की मिटेल. दोन दिवसांनी शाळेत सगळ्या वर्गाला माहीत झालं होतं की हिनं घरी जाऊन आईला सांगितलं. लेक घरी आली, दप्तर ठेवलं आणि मला म्हणाली, "मी तुला ते करायला नव्हतं सांगितलं." आवाज चढला नव्हता. त्यानंतर तीन आठवडे ती घड्या घालायला आली नाही.

मी तिची माफी मागितली. "पण मला तुझी काळजी वाटली म्हणून" अशी शेपूट न लावता मागितली. तेव्हापासून मी एक प्रश्न शिकले आणि तो आमच्या घरात टिकला: "नुसतं ऐकू, की काही करू?" दहातल्या आठ वेळा उत्तर येतं, "नुसतं ऐक." नवव्या वेळी "काय करू सांग" असं येतं. दहाव्या वेळी ती स्वतः म्हणते की तू बोल. ती दहावी वेळ कधी, हे ठरवणं तिच्या हातात असावं, एवढंच तिला हवं होतं.

अर्थात रुसवेफुगवे आणि छळ यांत फरक आहे. एकाच मुलाला पुन्हा पुन्हा, ठरवून, आणि स्वतःचा बचाव करता येणार नाही अशा तऱ्हेनं कुणी त्रास देत असेल, तर तिथे मोठ्यांनी मध्ये पडलंच पाहिजे. ते मुलांमुलांचं प्रकरण राहत नाही. तेव्हाही आधी मुलाला सांगावं, मी शाळेत बोलणार आहे, कुणाशी आणि काय बोलणार आहे. त्याच्या पाठीमागे त्याच्याचबद्दल ठरवणं, हे त्या छळाइतकंच त्याला हतबल करून जातं.

या सगळ्या काळात आणखी एक गोष्ट माझ्या मनाला लागायची. मी एखादी गोष्ट तीनदा सांगितली तरी तिच्या कानाशी पोचत नसे आणि तीच गोष्ट मैत्रिणीनं किंवा खेळाच्या सरांनी एकदा सांगितली की पक्की. मला वाटायचं हे मुद्दाम चाललंय. मग २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेलं डॅनियल एब्राम्स आणि सहकाऱ्यांचं एक संशोधन वाचनात आलं. त्यांनी मुलांना अर्थ नसलेले काही शब्द ऐकवले. काही त्यांच्या आईच्या आवाजात, काही पूर्णपणे अनोळखी बायकांच्या आवाजात. सात ते बारा वर्षांच्या मुलांच्या मेंदूतले आनंदाशी, बक्षिसाशी जोडलेले भाग आईच्या आवाजाला जास्त प्रतिसाद देत होते. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांमध्ये हे उलटलेलं होतं. तिथे अनोळखी आवाज वरचढ. आईचा आवाज ओळखण्यात मुलं कुठेच चुकत नव्हती, ओळख शाबूत होती. ओढ मात्र बाहेरच्या आवाजांकडे वळली होती.

हे वाचून मला आधी रडू आलं आणि मग खूप हलकं वाटलं. तिला माझ्यापासून तोडणारं असं काही घडत नव्हतं. पुढचं आयुष्य जिथे काढायचं त्या माणसांचे आवाज ऐकायला तिचा मेंदू कान लावत होता. त्यात माझा आवाज मोठा करून उपयोग नाही, हे मला तेव्हा कळलं. मी कमी बोलायला लागले. आणि माझ्याशिवायची जी चांगली माणसं तिच्या आसपास होती, त्यांना मी मनापासून जागा करून दिली.

याबाबत माझ्या सासूबाईंचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. दोन्ही नातवंडं त्यांच्यापाशी जे बोलतात ते आमच्यापाशी नाही बोलत. त्या विचारत नाहीत. मुलगा त्यांच्या खोलीत जमिनीवर आडवा पडून काहीतरी चाळत असतो, त्या आपलं काम करत असतात, आणि मध्येच तो "आजी, तुला एक सांगू?" म्हणतो. त्यांच्या नजरेत परीक्षा नसते, निकाल नसतो. हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि तिच्या सहकाऱ्यांनी अनेक दशकं मागोवा घेतला. त्यातली काही मुलं फार कठीण परिस्थितीत वाढलेली होती, आणि अशांपैकी साधारण एक तृतीयांश तरीही धडधाकट, कर्तबगार, मायाळू माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात जे सापडलं त्यात एक गोष्ट ठळक होती: किमान एक तरी भरवशाचं, जिव्हाळ्याचं मोठं माणूस. ते आईवडीलच असायला हवेत असं नव्हतं. कधी आजी-आजोबा, कधी शिक्षक, कधी शेजारी. आपल्या मुलाला असं दुसरं माणूस मिळालं असेल तर त्याचा हेवा करू नये आणि त्याच्याकडून बातम्याही काढू नयेत. मी एकदा सासूबाईंना विचारलं होतं, तो काय म्हणत होता? त्या एवढंच म्हणाल्या, "काळजीचं असेल तर मी तुला सांगीन." त्यानंतर मी कधी विचारलं नाही.

धाकट्याचं सहावी-सातवीचं वर्ष निराळंच गेलं. त्याच्यात मनाआधी शरीर बोलायला लागलं. वर्षात दोनदा बूट लहान झाले. हातातून पेला सुटायचा, दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा, जिन्यावरून उतरताना पाय अडखळायचा. आम्ही "लक्ष कुठे असतं तुझं" म्हणून त्याला बोलत राहिलो, याचं आज वाईट वाटतं. वाढीच्या या झपाट्यात आधी पाऊल आणि पंजे वाढतात, मग हातपाय लांबतात आणि धड सर्वांत शेवटी. मुलींमध्ये या वाढीचा जोर साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वांत जास्त असतो, मुलांमध्ये त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी. जोरात असताना वर्षाला आठ-नऊ सेंटिमीटर उंची सहज वाढते. आपला हात कुठवर पोचतो हा मेंदूतला अंदाज जुना आणि हात नवा, असा तो काळ. पेला फुटणारच.

वयात येण्याबद्दल बोलायचं राहून जातं ते याच वर्षांत. मुलींमध्ये हे बदल आठ ते तेरा आणि मुलांमध्ये नऊ ते चौदा या वयांत कधीही सुरू होऊ शकतात. म्हणजे एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलांत चार-पाच वर्षांचं अंतर पडू शकतं आणि दोघंही निरोगी असतात. ज्याचं लवकर झालं तो अवघडतो, ज्याचं उशिरा तो गुपचूप घाबरतो. हे त्यांना कुणीतरी आधीच, बदल सुरू होण्याआधी सांगायला हवं. लेकीशी पाळीबद्दल मी वेळेत बोलले होते. मुलाबद्दल मात्र आम्ही दोघंही, त्याला शाळेत सांगतील, असं धरून चाललो. मुलग्यांना या बाबतीत घराघरांतून किती एकटं सोडलं जातं! आवाज फुटतो, अंगाला वास येतो, झोपेत वीर्य जातं, आणि आपल्याला काही रोग झालाय का, हे विचारायला कुणी नसतं. शेवटी त्याचे बाबा त्याच्याशी बोलले, तेही समोर बसवून नाही. सायकलची साखळी उतरली होती, दोघं तिच्याशी झटत होते, चारही हात काळे. नवऱ्यानं स्वतःच्या त्या वयाची एक गोष्ट सांगितली आणि तिथून विषय सुरू झाला. तो पाऊण तास चालला आणि साखळी दहा मिनिटांतच बसली होती. असं बोलणं एकदाच करून संपत नाही हेही पुढे कळलं. पाच-पाच मिनिटांची दहा बोलणी एका लांब व्याख्यानापेक्षा जास्त आत जातात.

अभ्यासाचं सांगायचं तर इथे मला शाळेच्या रचनेबद्दल थोडी तक्रार आहे. प्राथमिक वर्गात एक बाई असतात. त्यांना ठाऊक असतं की हा मुलगा सकाळी मंद असतो, हिला ओरडलं की सुचत नाही. मग एकदम सात-आठ विषय, सात-आठ शिक्षक. प्रत्येकाची वही निराळी, पद्धत निराळी, तारीख निराळी. जॅकलिन एकल्स आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हेच दाखवलं होतं: मुलाला ज्या वयात स्वतः ठरवायला जागा हवी असते, ओळखणारा एखादा मोठा माणूस हवा असतो, नेमक्या त्याच वयात शाळा जास्त नियंत्रण ठेवणारी आणि कमी ओळखीची होते. मुलाचं मन शाळेतून उडालं तर आपण त्याला आळशी म्हणतो. वय आणि वर्ग यांचा सांधा जुळलेला नाही, हे आपल्या ध्यानात येत नाही.

त्यातच या कारभाराला लागणारी यंत्रणा, म्हणजे आधी काय करायचं, मग काय, किती वेळ लागेल, काय विसरतोय, ही सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग अजून बांधकामात असतो. मेंदूच्या करड्या द्रव्याचं या भागातलं प्रमाण मुलींमध्ये अकराव्या आणि मुलांमध्ये बाराव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत जास्त होतं आणि मग छाटणी सुरू होते. वापरातल्या वाटा पक्क्या होतात, उरलेल्या मिटतात. हे काम विशीच्या मध्यापर्यंत चालतं. सहावीतलं मूल प्रकल्पाची तारीख आदल्या रात्री साडेनऊला सांगतं, त्यामागे बऱ्याचदा एवढंच असतं.

धाकट्याच्या अशा तीन रात्री झाल्यावर मी तारखा स्वतःच लिहून ठेवायला लागले, दप्तर तपासायला लागले. काम होत होतं, पण ते माझं होत होतं. मग आम्ही सुट्टीच्या संध्याकाळी वीस मिनिटं ठरवली. एक मोठा कागद, आठवड्याचे रकाने. लिहितो तो. मी शेजारी माझ्या आठवड्याचा कागद भरत असते. मध्ये एखादाच प्रश्न: "हे बुधवारी आहे, मग सुरू कधी करणार?" पहिले दोन महिने तो कागद भरून विसरत असे. एकदा प्रयोगवही न्यायची राहिली आणि मी ती शाळेत नेऊन दिली नाही. दिवसभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. संध्याकाळी तो आला, बाई ओरडल्या म्हणाला आणि कागदावर गुरुवारपुढे वहीचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं. हे दरवेळी असं साधत नाही. कधी वही नेऊन देणंच योग्य असतं, विशेषतः मूल आधीच चहूबाजूंनी थकलेलं असेल तर.

गुणांबद्दल एक निर्णय मी घेतला आणि त्यावर ठाम राहिले. शाळेच्या ॲपवर गुण आले की पालकांच्या फोनवर सूचना येते, मुलाला कळायच्या आधी. मूल घरात पाऊल टाकतं तेव्हा आईच्या चेहऱ्यावर निकाल लागलेला असतो. मी ती सूचना बंद केली. लेकीला सांगितलं, "तू सांगशील तेव्हा मी बघीन." सातवीत गणितात तिला फार कमी गुण मिळाले, तेव्हा ते सांगायला तिला चार दिवस लागले. ते चार दिवस तिनं स्वतः त्या आकड्याबरोबर काढले होते. सांगताना तिच्याकडे पुढचा बेतही होता. आदल्या वर्षी मी तो आकडा फोनवर पाहिला असता आणि दारातच "काय हे" म्हटलं असतं.

तेच फोनमधल्या संदेशांचं. चोरून वाचायचा मोह मला झाला, खूप झाला. आम्ही नियम उघडपणे ठरवले: कोणती ॲप, किती वेळ, अनोळखी माणसानं काही विचारलं किंवा फोटो मागितला तर लगेच सांगायचं आणि सांगितल्याबद्दल फोन काढून घेतला जाणार नाही. हे शेवटचं वचन सर्वांत महत्त्वाचं. फोन जाईल या भीतीनं मुलं भयंकर गोष्टी एकटी सोसतात. धोक्याची शंका आली तर मी वाचीन, पण तुला सांगून वाचीन, हेही तेव्हाच सांगितलं. आणि रात्री सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत, आमचेही.

याचं कारण झोप. वयात येताना शरीरातलं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा, कधीकधी तर दोन तासांपर्यंत उशिरा पाझरायला लागतं. दहाला अंथरुणात घातलेलं मूल अकरापर्यंत टक्क जागं असतं, ते हट्टानं नव्हे. झोपतज्ज्ञांच्या एका अमेरिकन संस्थेनं २०१६ मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. सकाळी सहाला उठवून हे गणित बसवून बघा. आमच्या घरातली सकाळची निम्मी भांडणं अपुऱ्या झोपेची होती. आम्ही ती स्वभावाच्या खात्यावर मांडत होतो.

इतका वेळ मी शेजारी बसण्याबद्दल बोलतेय, पण असे प्रसंग येतात की उठून मुलाच्या समोर उभं राहावंच लागतं. आईबापांपासून दूर जाऊन मित्रांकडे वळणं ही वाढ आहे. मित्रांपासूनही तुटणं, आवडता खेळ, आवडतं वाद्य सोडून देणं, दोन-दोन आठवडे उतरलेला चेहरा, भूक आणि झोप पार बदलणं, हातावरच्या जखमा झाकायला पूर्ण बाह्या खाली ओढून ठेवणं, आपण नसतो तर बरं झालं असतं अशा तऱ्हेचं बोलणं, ही वाढ नाही. पुढे आयुष्यात ज्यांना मानसिक आजार होतात त्यांच्यातल्या तिघांपैकी एकापेक्षा थोड्या जास्त जणांत तो चौदाव्या वर्षाआधीच सुरू झालेला असतो, हे १९२ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसलं आहे. "हे वयच असं" म्हणून त्यावरून हात फिरवू नये. मुलाला थेट विचारावं, मरून जावं असं मनात येतं का? विचारल्यानं तो विचार त्याच्या डोक्यात घातला जातो, ही समजूत चुकीची आहे. उलट कुणीतरी विचारलं, याचाच त्याला आधार होतो. आणि डॉक्टरांकडे, समुपदेशकाकडे जायला एक दिवसही लावू नये. माझ्या अगदी जवळच्या एका घरात हा उशीर झाला. ते मूल वाचलं, आता बरं आहे. पण त्याची आई अजून रात्री दोनदा उठून त्याच्या खोलीत डोकावते.

लेक आता पुन्हा बोलते, भरभरून, कधीकधी समोर बसूनही. धाकटा अजून त्या टप्प्यात आहे. आम्ही रात्री घरामागच्या मोकळ्या रस्त्यावर फेऱ्या मारतो. तिथे दिव्यांच्या खांबांमध्ये अंतर खूप आहे, मधला पट्टा अंधाराचा. मला आता माहीत झालंय की त्याला काही सांगायचं असलं तर तो त्या अंधाराच्या पट्ट्यात सांगतो आणि खांब जवळ आला की गप्प होतो. परवा तिसऱ्या फेरीला तो म्हणाला, "आई, एक विचारू? पण लगेच काही बोलू नकोस."

"हं," मी म्हटलं आणि रस्त्याकडे बघत चालत राहिले.

खांब आला, गेला. मग त्यानं विचारलं. काय विचारलं ते त्याचं आहे, इथे लिहिणार नाही. त्या रात्री आम्ही दोन फेऱ्या जास्त मारल्या.